शून्य सुतारांचं गाव

वाइतोआ, १५ ऑगस्ट

बाबा,

फोन तुम्ही उचलत नाही. मेरिपा आत्या उचलते आणि सांगते, "तो समुद्रावर गेलाय." दिवसातून तीन वेळा समुद्रावर जायला तुम्ही काय मासा आहात? म्हणून आता पत्र. बसवाल्याच्या हाती देतेय, तो फेरी बोटीवर चढवेल, पलीकडच्या सावाई बेटावर आत्याकडचं कुणीतरी उतरवून घेईल. वाचून चूल पेटवा हवं तर. पण वाचा.

तुम्ही जाऊन आठ दिवस झाले. सभागृहाचा सांगाडा शाळेच्या मैदानात होता तसाच उभा आहे. खांब आहेत, तुळया आहेत, वर नुसतं आकाश. पोरं तिथून जाताना आवाज खाली करतात, घरात कुणी गेल्यासारखा.

त्या रविवारी जे झालं ते वाईटच झालं, हे आधी कबूल करते. प्रार्थनेनंतर पाद्रीबुवांनी सरकारी अहवाल वाचायला घ्यायला नको होता. बांधकामाची माणसं कुठल्या गावात किती, ते वाचत आले, "वाइतोआ: सुतार, शून्य" असं म्हणाले आणि पुढच्या गावावर गेलेसुद्धा. आपण काय वाचलं ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तुम्ही पहिल्या रांगेत. या किनाऱ्यावरची एकोणतीस घरं तुमच्या हातची, आणि ज्या छपराखाली तो कागद वाचला जात होता ते छप्परही तुमचंच. मागून कुणीतरी खोकलं. सोमवारी सकाळी तुम्ही अवजारांची टोपली खांद्याला लावली आणि निघालात. आईने विचारलं, "जेवायला येणार का?" तोवर तुम्ही बोटीच्या रस्त्याला लागला होतात.

मी राजधानीत, आपियाच्या ऑफिसात ह्याच मोजणीच्या खात्यात, म्हणून अख्खं गाव माझ्याकडे बघतंय. बाबा, ऑफिसात माणसं ढीगभर असतात. एक जण रकाना भरतो, दुसरा टाइप करतो, तिसरा छापतो. शून्य कुणाच्या हातून पडलं ते उकरत बसण्यात आता काय हशील?

उकरायचंच तर हे उकरा: मे महिन्यापासून चौदा मुलंमुली तुमच्या हाताखाली शिकतायत. अठ्ठावीस ऑक्टोबरला त्यांची परीक्षा. परीक्षा म्हणजे हेच सभागृह, छपरासकट. छप्पर चढलं नाही तर चौदाही जणांना सुतारकीचा सरकारी कागद मिळणार नाही, आणि नोव्हेंबरात वादळं सुरू झाली की गावाने डोकं लपवायचं कुठे, तेही तुम्हीच सांगा.

आईने तुमची चटई गुंडाळून तुळईला टांगली आहे. म्हणते, ज्याची आहे त्याने येऊन उतरवावी.

लुपे


वाइतोआ, २९ ऑगस्ट

बाबा,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे, माझी दोन झाली.

दुसरा तुफुगा, तुमच्यासारखा सुतारांचा उस्ताद, आणायचा प्रयत्न मी केला. हो, केला! रागवायचं तर रागवा. एका तुफुगाने रागावून सोडलेल्या कामाला दुसरा हात लावत नाही हे मला तुमच्या मांडीवर बसल्यापासून माहीत आहे, पण मला वाटलं आता काळ बदलला. तिघांना बोलावलं. पहिला आला, सांगाड्याभोवती एक फेरी मारली, विचारलं, "हे कुणाचं?" तुमचं नाव सांगितलं. म्हणाला, "असोमुआचं? मग मी जेवून जातो." आणि खरंच जेवून गेला. दुसऱ्यानेही तेच. तिसरा तर चांगला शिकलेला, ऑकलंडमध्ये बारा वर्षं काम केलेला, कमरेला चामडी पट्टा, त्यात बॅटरीवरचं यंत्र. मला वाटलं हा तरी ऐकेल. त्याने टोपी काढली, खांबाला लांबूनच मान झुकवली आणि म्हणाला, "ताई, ह्याला हात लावला तर मला कुठलंच गाव उभं करणार नाही, आणि मला ह्याच देशात मरायचंय." आईच्या हातची पालुसामी, नारळाचा रस भरलेल्या पानांच्या पुड्या, तिघांनी मिळून बावीस खाल्ल्या. आई म्हणते, अजून कुणाला बोलवायचं असेल तर आधी दुकानातले डब्यातले मासे आणून ठेव, माझ्या हातून नारळ आता किसवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, माणसं मोजून काय मिळतं? नेहमी म्हणताच. हे मिळतं: आपल्या जिल्ह्यात पुढच्या पाच वर्षांत आठ शाळा, तीन दवाखाने आणि मागच्या वादळात गेलेली दोनशेवर घरं बांधायची आहेत. त्याला एकशेवीस सुतार लागतील. चांगले हात गेले न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला. बाबा, तुळई बसवणारे हात तिकडे सफरचंदं तोडतायत! हे कुणीतरी आधी बघायला हवं, आज किती आहेत, उद्या किती लागतील, मधल्या काळात किती शिकवायचे. ते बघायचं काम माझं. मी पोटापुरतं टेबलावर बसत नाही.

आमचे साहेब, आपेलु, माणूस वाईट नाही पण घड्याळाचा आहे. परवा म्हणाले, "लुपे, अठ्ठावीसला छप्पर नसेल तर वर्ग बंद. पोरांना आपियात सिमेंटच्या विटा रचायला पाठवतो. निदान कागदावर काहीतरी दिसेल." मी म्हटलं, "साहेब, वीट रचणारा छप्पर करेल का?" तर म्हणाले, "कागदाला ते कळत नाही." 

फिलेमू रोज सकाळी सातला येऊन मैदानाच्या कडेला बसते. तीच हो, उंच, पुढच्या दातात फट असलेली, जिला तुम्ही पहिल्या आठवड्यात म्हणाला होतात, "पोरी, करवत धरतेस की झाडू?" तिचा न्यूझीलंडच्या मळ्याचा परवाना आलाय. जानेवारीत जाऊ शकते. पण ती येते आणि बसते. मी विचारलं, "कशाची वाट बघतेस?" म्हणाली, "उस्तादांनी मला अजून चांगलं म्हटलेलं नाही. ते ऐकल्याशिवाय मी कुठे जात नाही."

लुपे


वाइतोआ, १६ सप्टेंबर

बाबा,

बातमी आहे. बसून वाचा.

सोमवारी चौदाही जण मैदानात जमले होते. मी त्यांना विटांचं सांगायला गेले होते, तोंड पाडून. सांगून झालं. मग फिलेमू उठली. "ताई, सोडलेल्या कामाला दुसऱ्या तुफुगाने हात लावायचा नाही, बरोबर?"

"बरोबर."

"आणि सरकारच्या कागदावर आपल्या गावात सुतार किती?"

मी खाली बघत म्हटलं, "शून्य."

"मग झालं तर! आपण कुणीच नाही. जो कुणीच नाही त्याला बंदी कसली?"

पोरं अशी हसली की शाळेतली मुलं खिडकीत आली. मी ओरडले, "खबरदार! बाबांच्या लाकडाला बोट लावाल तर!" ती म्हणाली, "बोट लावतंय कोण? छप्पर खाली बांधू. जमिनीवर, सांगाड्याच्या बाजूला. अख्खंच्या अख्खं. उस्तादांची एक खुंटीही हलवायची नाही. मग छप्पर तयार, खांब तयार, मध्ये फक्त एक शब्द कमी. तो त्यांचा."

बाबा, मी ऑफिसात दोन वर्षं आराखडे करतेय. असा आराखडा मला सुचला नाही.

आता रोज काम चालू आहे. वाकवायला नीरफणसाचं लाकूड गावाने दिलं, प्रत्येक घरामागे एक झाड. तुम्ही शिकवलंत तसे लहान तुकडे जोडून लांब वासे करतायत, खिळा एकही नाही, सगळं काथ्याच्या दोरीने बांधायचं. दोरी मात्र कमी पडली. मग तानिएलु आजोबा आणि त्यांची म्हातारी टोळी शाळेच्या ओट्यावर येऊन बसली, काथ्या मांडीवर वळत आणि सगळ्यांना नावं ठेवत. ऑफिस सुटलं की मीही बसते. आजोबा म्हणाले, "ऑफिसच्या बाईसाहेबांची मांडी सोलून निघेल." मी म्हटलं, काही होत नाही. काही होत नाही, बाबा.

(सोललीय. खोबरेल तेल लावतेय.)

लुपे


वाइतोआ, ६ ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितेय.

मंगळवारी छपराचा सगळा सांगाडा जमिनीवर जोडून झाला. पोरं नाचत होती. तानिएलु आजोबा काठी टेकत आले, छपराकडे पाहिलं, तुमच्या खांबांकडे पाहिलं, पुन्हा छपराकडे पाहिलं. म्हणाले, "छप्पर झकास झालंय. कुणाच्या घराचं आहे?"

फिलेमूने टेप काढली, ऑफिसने दिलेला सभागृहाचा नकाशा काढला. नकाशाप्रमाणे सेंटिमीटर न् सेंटिमीटर बरोबर. पण नजरेलाच दिसत होतं, बाबा. छप्पर लहान होतं. वीतभर इकडे, वीतभर तिकडे. 

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही टेप कधी धरलीत? तुमचं माप म्हणजे तुम्ही. दोन्ही हात पसरले की एक वाव. नकाशात एका वावेचे किती सेंटिमीटर ते ऑफिसने पुस्तकातून घेतलं, सगळ्या जगाच्या माणसांची सरासरी काढून. तुम्ही कुठे सरासरी आहात! तुमच्या हातांची लांबी अख्ख्या किनाऱ्यात कुणाला नाही. खांब तुमच्या वावेचे, छप्पर पुस्तकातल्या वावेचं.

पोरांची तोंडं उतरली. खांबांना टेप लावायची तर हात लावावा लागतो, आणि तो कुणी लावेना. एका मुलीने तर रडायलाच सुरुवात केली. तेवढ्यात आई कोकोची किटली घेऊन आली. काय झालं ते ऐकलं, माझ्याकडे वळली आणि खो खो हसायला लागली. "अगं, बापाचं माप शोधताय? ते काय समोर उभं आहे! शाळेत असल्यापासून हिच्या एका तरी झग्याची बाही मनगटापर्यंत आली का?"

माझ्या हातांवरून वर्गातली मुलं मला खेकडा म्हणायची, आठवतं? मी रडत घरी यायची आणि तुम्ही म्हणायचात, "वापरायला शिक म्हणजे रडू येणार नाही." मला त्या बोलण्याचा इतका राग यायचा.

मी सांगाड्यात जाऊन उभी राहिले. पहिल्या खांबापासून केसभर अंतर सोडलं, बोट लागू दिलं नाही. हात पसरले. फिलेमूने माझ्या बोटाच्या टोकाखाली मातीत खूण केली. मी सरकले, पुन्हा हात पसरले. एक. दोन. तीन. चौथ्यांदा माझं मधलं बोट पलीकडच्या खांबापाशी जाऊन बरोबर केसभर अलीकडे थांबलं. चार वाव. मग आजोबा म्हणाले, "असोमुआ आला," आणि पोरांनी जो कल्ला केला!

मी हसले नाही. मी तिथेच खाली बसले. कारण त्याच हातांनी मी ते लिहिलं होतं.

शून्य मी लिहिलं, बाबा. दुसऱ्या कुणी नाही, टाइप करणाऱ्याने नाही, छापणाऱ्याने नाही. मोजणीचा तो कागद माझ्या हातचा. नियम असा होता की ज्याच्याकडे सर्टिफिकेट तोच सुतार, आणि ज्या गावात सुतार शून्य त्याच गावाला शिकवण्याचा वर्ग मिळणार. एक जरी लिहिला तरी वर्ग दुसरीकडे जाणार. शेरा लिहायला खाली जागा होती. तिथे तुमचं नाव लिहिता आलं असतं. मी विचार केला, साहेब शेरे वाचत बसतील, वाद घालतील, वर्ग जाईल. मी तुम्हाला कागदावरून पुसलं आणि वर्ग आणला. मग त्याच वर्गावर तुम्हाला 'मदतनीस' म्हणून नेमलं आणि तुम्ही हसून मान्य केलंत, पोरीच्या शब्दाखातर. वरून पहिल्या पत्रात तुम्हाला सांगितलं की शून्य कुणाच्या हातून पडलं ते उकरू नका.

मला लाज वाटते. एवढंच खरं आहे, बाकी सगळी पत्रं गेली खड्ड्यात.

लुपे


वाइतोआ, १९ ऑक्टोबर

बाबा,

उत्तराची वाट बघत नाही. हे फक्त कळवायला.

प्रत्येक वाशाचा एक जोड उसवून त्यात तुकडा वाढवला. माझ्या हातांनी मोजून. मग वरून पानांनी शाकारलं. दिवसभर मी मैदानात हात पसरून उभी असते, आणि पोरं मला "ए टेप, इकडे ये" म्हणून हाक मारतात. ऑफिसला मी रजा टाकली.

रजा टाकायच्या आधी साहेबांशी भांडले. कचाकचा. ते म्हणाले, "सर्टिफिकेटशिवाय कुशल कसं म्हणायचं?" मी म्हटलं, "साहेब, तुमचं घर कुणी बांधलं?" म्हणाले, "माझ्या मामाने." "त्याचं सर्टिफिकेट?" त्यांनी पेन चावायला घेतलं. "मग ज्या घरात रोज झोपता त्यावर भरवसा कसा?" साहेबांनी स्वतःच कागद ओढला. आता नवा नियम लिहिला आहे, वरून मंजूरही झालाय: गावातल्या जुन्या तुफुगासमोर शिकाऊने तीन जोड करायचे, तुफुगाने बघायचे आणि पास की नापास ते त्याने सांगायचं. त्याची खूण हीच सही. आणि तुफुगाला कुणीही परीक्षा विचारायची नाही. साहेब म्हणाले, "ह्याने मोजणीचे आकडे सगळे बदलतील, लुपे. सगळी गावं पुन्हा मोजावी लागतील." मी म्हटलं, "मोजते."

नवा कागद सोबत आहे. वाइतोआ एवढंच लिहिलंय, बाकी कोरा. तुम्ही भरा किंवा त्यात मासे गुंडाळा. तुम्ही माफ केलंत तरच छप्पर उचला असं मी म्हणत नाही. मला माफ नका करू हवं तर. त्या चौदा जणांचं काही चुकलेलं नाही. शब्द द्या.

छप्पर तयार आहे.

लुपे


सावाई, २४ ऑक्टोबर

लुपे,

हे मी लिहीत नाहीये. मी बोलतोय, मेरिपा लिहितेय. मध्ये मध्ये ती स्वतःचंही घालते, ते सोडून दे.

(मी काही घालत नाही. — आत्या)

शून्य तू लिहिलंस हे मला त्या रविवारीच माहीत होतं. पाद्रीने अहवाल वाचून झाल्यावर मी पुढे जाऊन कागद बघितला. छापील पानाच्या मागे हाताने लिहिलेला मूळ कागद जोडलेला होता. तुझं शून्य लहानपणापासून वर उघडं राहतं. मास्तरांनी तुझ्या हातावर छडी मारली तरी तू ते बंद केलं नाहीस. मी ते पानभर शून्यांमधूनही ओळखेन.

शून्याचा मला राग नव्हता. राग होता, पण तो फेरी बोटीतच उतरला. मी वाट बघत होतो की माझी मुलगी मला कधी सांगते. पहिल्या पत्रात तू ऑफिसातली माणसं ढीगभर असतात म्हणालीस. मेरिपाने ते मला दोनदा वाचून दाखवलं. मी समुद्रावर गेलो. खरंच गेलो.

(खरंच गेला. दोन तास एका दगडावर बसला, हट्टी खोंडासारखा. — आत्या)

सहा तारखेचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो.

आता ऐक. छप्पर तुम्ही उचलायचं नाही. मी शनिवारी पहिल्या बोटीने येतो. ऑकलंडचा तो पट्टेवाला कुठे राहतो, त्यालाही बोलाव. गावातली सगळी माणसं हवीत, बायकाही. सुतारांना जेवायला डब्यातले मासे द्यायचे नाहीत, तुझ्या आईला सांग. आणि माझी चटई तिनेच उतरवून ठेवावी, माझा हात खांद्याच्या वर जात नाही आता.

असोमुआ


वाइतोआ, ३ नोव्हेंबर

बाबा,

शनिवारी आलात, रविवारी चर्च, सोमवारी दुपारच्या बोटीने परत. गप्पा मारायला वेळच दिला नाहीत. आत्याच्या गावाला बारा मुलं वाट बघतायत म्हणे! मी मोजायच्या आधीच तुम्ही वर्ग सुरू केलात. साहेबांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला, पण हसून.

पण छप्पर चढवताना तुम्ही सगळा वेळ वर बघत होतात, म्हणून खाली काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नाही. ते कुणीतरी सांगायला हवं ना?

तुम्ही मैदानात आलात आणि कुणाशीही न बोलता जमिनीवरच्या छपराभोवती फिरलात. एकेका जोडावर अंगठा दाबत. चौदा जण ओळीने उभे, माझ्यासकट पंधरा. तिसऱ्या वाशापाशी थांबलात तेव्हा फिलेमूने माझं मनगट इतकं आवळलं की अजून निळं आहे. तो जोड तिचा होता. तुम्ही अंगठा दाबलात, पुन्हा दाबलात आणि म्हणालात, "हा कुणी बांधला?" ती म्हणाली, "मी, उस्ताद." तुम्ही म्हणालात, "मला वाटलं मीच बांधला होता." आणि पुढे गेलात. बाबा, तुम्ही पुढे गेलात आणि ती पोरगी मागे मटकन खाली बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. तुम्हाला कल्पना तरी आहे का, तुम्ही काय बोललात?

मग तुम्ही तुमची लाकूड तासायची वाकस टोपलीतून काढून तिच्या हातात दिलीत, "धर जरा, मला दोन्ही हात मोकळे हवेत," असं सहज म्हणून. त्या अवजारांना आईनेसुद्धा कधी हात लावलेला नाही. आई माझ्या कानात म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला, मला कधी पटाशीसुद्धा धरायला दिली नाही."

पट्टेवाला सगळ्यात आधी छपराखाली शिरला. खांद्यावर बांबू घेतला, पट्टा काढून बाजूला फेकला. नव्वद माणसं होती, मी मोजली, सवय जात नाही. म्हाताऱ्यांची टोळीही उठली, नको म्हटलं तरी. बायकांच्या मंडळाने एक अख्खी बाजू घेतली. साहेब शर्टाच्या बाह्या सरसावून माझ्या मागे उभे, म्हणत होते, "लुपे, विमा आहे का ह्याचा?" मी म्हटलं, "साहेब, उचला."

तुम्ही हाळी दिलीत. तो आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. छप्पर उठलं. आधी एक बाजू, मग सगळंच, आणि खाली नव्वद जोडी पाय लहान लहान पावलं टाकत चालले. तुम्ही वर बघत होतात, तुळयांकडे. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही मागे मागे चालत हात पसरलेत, दोन्ही, पूर्ण, आणि तुमच्या एका हाताकडे एक खांब, दुसऱ्या हाताकडे छपराची कड. मग "सोडा!" म्हणालात, आणि ते बसलं. एक ठक असा आवाज, बस. ना ठोकावं लागलं, ना सरकवावं लागलं. केसाइतकी फट नाही! तानिएलु आजोबा ओरडले, "हे ह्याच घराचं आहे!" त्यानंतर जो गोंगाट झाला त्यात तुम्ही काय पुटपुटलात ते कुणालाच कळलं नाही. मला कळलं. मी जवळच होते. तुम्ही म्हणालात, "खेकडा." आणि डोळे पुसलेत, बाबा, घाम नव्हता तो.

बुधवारी पहिला जोराचा वादळी पाऊस आला. अख्खं गाव सभागृहात जमलं, कारण नसताना. नुसतं वर बघत बसलं. एक थेंब गळला नाही. पोरांनी ढोल बडवले, आईने कोकोच्या तीन किटल्या केल्या आणि पाद्रीबुवा नाचले. हो, पाद्रीबुवा! त्या अहवालाबद्दल त्यांनी माझी माफी मागितली, मी त्यांची मागितली.

चौदाही पास. फिलेमू न्यूझीलंडला जात नाही. तुम्हाला माहीतच आहे म्हणा, सोमवारी बोटीवर तुमची टोपली तिच्याच खांद्यावर होती. साहेबांनी तिला तिथल्या बारा मुलांवर तुमची सहशिक्षिका म्हणून नेमलं आहे. तुमची नेमणूक काय म्हणून लिहू असं त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, "तुफुगा. दुसरा शब्द नाही."

आता शेवटचं. तुम्ही दिलेला कागद मी ऑफिसात जाईपर्यंत उघडला नव्हता, तुम्ही घडी घालून दिलात तसाच ठेवला होता. काल साहेबांच्या टेबलावर उघडला. आत्याचं अक्षर, तुमच्या खुणा. चौदा नावं, प्रत्येकापुढे काय येतं ते. "जोड, उत्तम." "करवत, बरी, घाई करतो." फिलेमूपुढे "सगळं." पंधरावं तुमचं, त्यापुढे नुसती वाकसेची खूण. मला वाटलं संपलं. साहेब म्हणाले, "खाली अजून एक आहे."

सोळावं माझं नाव होतं. त्यापुढे लिहिलं होतं, "माप. वापरायला शिकली."

मी तिथे, सगळ्या ऑफिससमोर, टेबलावर डोकं ठेवून रडले. साहेब घाबरून पाणी आणायला धावले.

मग मी अहवालाचं नवं पान घेतलं. आत्याच्या गावाच्या रकान्यात सध्या काहीच लिहिलेलं नाही, तो तुम्ही सांगाल तेव्हा भरेन. आपल्या गावाच्या रकान्यात लिहिलं, माझ्याच हाताने, ठळक: वाइतोआ, सुतार, सोळा. 

चटई आईने आज उन्हात टाकली आहे.

लुपे